शिवडीची हवा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग : प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराची गोदामे आणि गिरणगावातल्या चाळी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या शिवडीला बाहेरची माणसे प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी ओळखतात : थंडीच्या दिवसांत खाडीच्या चिखलात हजारोंनी उतरणारे रोहित पक्षी आणि जेरबाई वाडिया मार्गावरचे टीबी हॉस्पिटल. महापालिकेच्या दप्तरी ‘क्षयरोग रुग्णालय समूह’ असे नाव असलेली, १९४०च्या दशकापासून चालत आलेली ही सुमारे हजार खाटांची संस्था परळ-लालबागच्या बोलण्यात इतकी मुरली आहे की, अमक्याला शिवडीला ठेवले आहे, एवढे कानावर आले तरी काय झाले आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. श्वसनमार्गाच्या नेहमीच्या संसर्गांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना या वस्तीपासून सुरू करण्यास कारण आहे. सर्दी, घसादुखी, फ्लू, न्युमोनिया आणि क्षय हे आजार वैद्यकाच्या ग्रंथांत निरनिराळ्या प्रकरणांत विभागलेले असतात आणि त्यांचे जंतूही एकमेकांचे दूरचेसुद्धा नातलग नसतात. परंतु ते मुख्यतः एकाच वाटेने, म्हणजे दुसऱ्याने सोडलेल्या श्वासातून, शरीरात शिरतात आणि कोणाच्या वाट्याला कोणाचा श्वास किती वेळ येणार हे खोलीच्या लांबीरुंदीवर, खिडकीवर आणि घरातल्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असते. आजार कशामुळे झाला, या प्रश्नाची म्हणूनच दोन उत्तरे संभवतात, एक जंतूचे आणि दुसरे जागेचे. पहिले उत्तर गेल्या दीडशे वर्षांत प्रयोगशाळांनी फार तपशिलाने दिले आहे. दुसरे अनेकदा तळटीपेत ढकलले जाते, आणि तेथेच या विषयाच्या मांडणीत गफलत होते.

श्वसनमार्ग म्हणजे नाकपुड्यांपासून फुप्फुसांच्या टोकापर्यंत गेलेली, वाटेत पुन्हा पुन्हा फाटे फुटणारी एकच नळी होय. अभ्यासाच्या सोयीसाठी स्वरयंत्रापाशी तिचे दोन भाग पाडले जातात. नाक, नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या म्हणजे सायनस, टॉन्सिल आणि घसा हा वरचा मार्ग, तर मुख्य श्वासनलिका, तिच्या शाखा आणि शेवटी द्राक्षांच्या घोसांसारखे लटकलेले कोट्यवधी वायुकोश हा खालचा मार्ग. वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतींमधून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो, तेव्हा तिच्याबरोबर धूळ, बुरशीचे कण आणि जंतू आत जाणारच. त्यासाठी निसर्गाने पहारे बसवले आहेत. नाकातले केस मोठे कण अडवतात, नळीच्या आतल्या अस्तरावरचा चिकट स्राव बारीक कण धरून ठेवतो, त्या अस्तरावरची सूक्ष्म रोमके एका लयीत हलून हा स्राव सतत वर, घशाकडे लोटत राहतात, आणि त्यातूनही जे वायुकोशांपर्यंत पोहोचते ते गिळून टाकण्यासाठी तेथे भक्षक पेशी असतात. विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर या रोमकांना दुबळे करतो, काही विषाणू तर रोमके असलेल्या पेशीच मारून टाकतात. यामुळे एक संसर्ग दुसऱ्याला दार उघडून देतो ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट असून पुढे ती वारंवार आढळेल.

वरच्या मार्गाचे आजार संख्येने सर्वांत जास्त आणि बहुतांशी सर्वांत निरुपद्रवी असतात. साधे पडसे हे ऱ्हायनोव्हायरस नावाच्या विषाणूंच्या दीडशेहून अधिक प्रकारांपैकी एखाद्यामुळे, किंवा एडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा आणि २०२०च्या कितीतरी आधीपासून माणसांत नांदणारे चार साधे कोरोनाव्हायरस यांपैकी कशामुळे तरी होते. प्रकार इतके असल्यामुळे एकदा सर्दी झाली म्हणून पुढच्या वेळी ती टळत नाही आणि सर्दीवर लसही निघालेली नाही. पावसात भिजल्याने सर्दी होते ही घरोघरची समजूत विषाणूशास्त्र मान्य करत नाही, कारण विषाणूच नसेल तर कितीही भिजले तरी पडसे होणार नाही. तरीही ती समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण मुंबईत फ्लूची लाट जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत दारे-खिडक्या लावून, ओले कपडे खोलीतच वाळत घालून, सगळे कुटुंब एकाच हवेत बसलेले असते. लोकांनी महिना बरोबर हेरला, कारण तेवढे चुकीचे सांगितले.

घसा धरणे, आवाज बसणे, गिळताना दुखणे यांमागेही बहुधा विषाणूच असतात आणि विषाणूंवर प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी औषधे, मुळीच चालत नाहीत. केवळ काही थोड्या रुग्णांत स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू असतो. तो ओळखणे मात्र गरजेचे, कारण उपचार न झाल्यास काही मुलांत संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात आणि अशा झडपांचे रुग्ण परळच्या मोठ्या रुग्णालयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. घटसर्प आणि डांग्या खोकला हे जिवाणूजन्य आजार एके काळी घराघरांत मुले नेत असत. लसीमुळे ते दुर्मीळ झाले आणि दुर्मीळ झाल्यामुळेच नव्या डॉक्टरांना ते पटकन ओळखू येत नाहीत. सर्दी-खोकल्यासाठी औषधाच्या दुकानातून स्वतःच प्रतिजैविकाची पट्टी आणायची आणि बरे वाटताच दोन दिवसांत ती सोडायची, या सवयीचा परिणाम त्या सर्दीपुरता राहत नाही. शरीरात एरवी निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंपैकी जे त्या औषधाला पुरून उरतात, त्यांचीच पुढे वाढ होते.

खालच्या मार्गात शिरलेला संसर्ग निराळ्या गांभीर्याचा असतो. श्वासनलिकेच्या शाखांना सूज येऊन खोकला आणि कफ दाटला तर त्यास ब्राँकायटिस म्हणतात. तान्ह्या बाळांत रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही, नावाचा विषाणू अगदी बारीक शाखांपर्यंत पोहोचून त्यांची वाट बुजवतो, तेव्हा तो ब्राँकिओलायटिस. वायुकोशांमध्येच पू आणि द्रव साचला की तो न्युमोनिया. त्याचे प्रमुख कारण न्युमोकॉकस हा जिवाणू असून तो पुष्कळ निरोगी मुलांच्या नाक-घशात काहीही त्रास न देता राहत असतो आणि एखाद्या साध्या विषाणूने रोमकांचा पहारा उठवला की खाली उतरतो. या जिवाणूवरील लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१मध्ये देशभर लागू झाली.

न्युमोनिया ओळखण्याची एक पद्धत महाराष्ट्राने जगासमोर ठेवली, तिचा उल्लेख येथे थोडा विस्ताराने करणे उचित ठरेल. छातीचा फोटो काढण्याची सोय नसलेल्या ठिकाणी मुलाचा न्युमोनिया कसा ओळखावा, याचे उत्तर श्वास मोजण्यात आहे : मूल शांत असताना त्याचे पोट-छाती पूर्ण एक मिनिट पाहायची, आणि दोन महिन्यांच्या आतील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, व एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर न्युमोनिया समजून उपचार सुरू करायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यायचे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या, अल्पशिक्षित आरोग्यदूतांना आणि सुइणींना हे शिकवले, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधे यंत्र बनवले, आणि स्वस्त प्रतिजैविक त्यांच्या हाती दिले. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, या गावांतील बालकांचे न्युमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. मुंबईत चार पावलांवर दवाखाना असूनही हे आकडे पुष्कळ आईवडिलांना ठाऊक नसतात, हा विरोधाभास नोंदवून ठेवला पाहिजे.

फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा हा वरच्या आणि खालच्या दोन्ही मार्गांत वावरणारा विषाणू आहे, आणि जंतू व जागा यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो याचा मुंबईतला सर्वांत मोठा पुरावा त्याच्याच नावावर आहे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई, मलेरिया नसलेल्या तापाने, रुग्णालयात दाखल झाले. काही दिवसांतच गोदी, टपाल कचेरी, बँका आणि गिरण्या यांमधील माणसे भराभर आजारी पडू लागली. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या काळी रोगाचे कारण म्हणून फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२मध्ये शोधलेल्या एका जिवाणूकडे बोट दाखवले जाई. खरा विषाणू १९३३मध्ये हाती लागला. म्हणजे जंतूचे उत्तर तेव्हा चुकीचे होते. जागेचे उत्तर मात्र महापालिकेच्या मृत्यूनोंदीतच होते : हजारी मृत्यूचे प्रमाण शहरातील युरोपीयांत ८.३, पारशांत ९, आणि ज्यांना त्या नोंदींत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात ६१.६ इतके होते. विषाणू सर्वांसाठी एकच होता. बहुतेक मृत्यू विषाणूपाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्युमोनियाने झाले हे आज मान्य आहे, आणि त्या न्युमोनियातून कोण उठणार हे अंगात किती ताकद शिल्लक आहे, पाणी आणि पेज द्यायला घरात कोणी उभे आहे की सगळेच अंथरुणावर आहेत, यावर ठरत होते. १९१८चा दुष्काळ आणि महागाई यांचा विचार न करता त्या साथीचा इतिहास लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे होय.

इन्फ्लुएंझा ए या प्रकाराचे मूळ घर रानटी पाणपक्ष्यांच्या, विशेषतः बदके आणि कुरव यांच्या, आतड्यांत आहे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून शिवडीच्या खाडीकडे पाहणाऱ्यांच्या मनात रोहित पक्ष्यांविषयी अधूनमधून शंका डोकावते. ती अनाठायी आहे. चिखलातून दूरवर चरणाऱ्या पक्ष्यांचा आणि माणसांचा निकटचा संपर्क येत नाही, आणि शिवडीकराला फ्लू व्हायचा तर तो लोकलच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून होण्याचाच संभव फार मोठा. २००९च्या एच१एन१ फ्लूची भारतातली पहिली मृत्युनोंद पुण्यात झाली, आणि तो विषाणू आता पावसाळ्यातल्या नेहमीच्या फ्लूपैकी एक होऊन बसला आहे.

क्षयाचे शास्त्र याहून संथ आणि कठोर आहे. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जिवाणू जाहीर केला. तो अतिशय सावकाश वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याचे संवर्धन करून उत्तर मिळण्यास आठवडे लागतात आणि शरीरातही आजार हळूहळू पसरतो. रुग्णाच्या खोकल्यातून, बोलण्यातूनही, बाहेर पडलेले सूक्ष्म थेंब हवेत सुकून इतके हलके होतात की बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगू शकतात. ही गोष्ट १९५०च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये एका विलक्षण प्रयोगाने सिद्ध झाली : क्षयाच्या वॉर्डातली हवा नळ्यांवाटे वरच्या मजल्यावरील गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली, रुग्णांचा आणि प्राण्यांचा अन्य कोणताही संपर्क नव्हता, तरी प्राण्यांना क्षय झाला. भांडी, कपडे, एकत्र जेवण यांवरून रुग्णाला वाळीत टाकणाऱ्या घरांना हे सांगण्याची आजही गरज आहे, कारण ताट वेगळे करून खिडकी बंद ठेवणारे घर नेमके उलटे करत असते. संसर्ग झालेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. सुमारे पाच ते दहा टक्के लोकांत तो आयुष्यात केव्हातरी जागा होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि सिलिकाची धूळ हे त्याला जागे करणारे घटक होत.

निदानाचा आरंभ बेडक्यापासून होतो. थुंकी नव्हे, तर सकाळी उठल्यावर चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका उघड्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून डबीत घ्यायचा असतो. लाळ भरून दिलेली डबी तपासून काही निष्पन्न होत नाही, आणि हे नीट समजावून न सांगितल्यामुळे कित्येकांचे निदान लांबते. पूर्वी हा बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. आता जीनएक्स्पर्टसारखी चाचणी सुमारे दोन तासांत जिवाणू आहे का, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, ही दोन्ही उत्तरे देते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे आणि उतरणारे वजन यांपैकी काहीही असेल तर ही तपासणी टाळू नये.

औषधांपूर्वी क्षयावर उपचार म्हणजे विश्रांती, दूध-अंडी आणि कोरडी हवा. ऐपत असलेले रुग्ण पाचगणी-मिरजेच्या आरोग्यधामांत जात, नसलेले खोलीतच झिजत. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, १९५२मध्ये आयसोनिआझिड आणि पुढे रिफॅम्पिसिन आले, तसे रुग्णालयातल्या खाटेचे प्रयोजनही बदलले. मद्रासमध्ये झालेल्या आणि १९५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, औषधे नियमित घेतली तर दाटीच्या घरात राहून उपचार घेणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याच्या कुटुंबीयांना त्यामुळे जादा धोका पोहोचत नाही. आज नव्या रुग्णाला सहा महिने घरीच औषधे दिली जातात. शिवडीच्या खाटा उरतात त्या गुंतागुंतीच्या, औषधांना दाद न देणाऱ्या, किंवा घरी कोणी ठेवून घ्यायला तयार नसलेल्या रुग्णांसाठी. तेथील कर्मचारीही संसर्गातून सुटलेले नाहीत. काहींना क्षय झाला आणि त्यात मृत्यूही ओढवले आहेत.

औषधांना दाद न देणारा क्षय हा मुंबईचा विशेष चिंतेचा विषय आहे. आयसोनिआझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन्ही औषधे निकामी ठरली तर तो बहुऔषधप्रतिरोधी, म्हणजे एमडीआर, क्षय होय. अपुरी किंवा चुकीची औषधे, मधेच सोडलेला उपचार, हातात निरनिराळ्या डॉक्टरांच्या निरनिराळ्या चिठ्ठ्या, यांतून तो घडतो; पण एकदा घडला की मग तो श्वासावाटे थेट दुसऱ्याला होतो, आणि ज्याने आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतलेली नाही अशा माणसालाही पहिल्याच दिवशी एमडीआर निघतो. रुग्णाच्या निष्काळजीपणाला सगळा दोष देण्याची पद्धत म्हणूनच अन्यायाची आहे. २०११च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, त्या वेळी तपासता येणाऱ्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जाहीर केले, तेव्हा सरकारी पातळीवर त्या वर्णनालाच आक्षेप घेण्यात आला. परंतु मे २०१२मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. २०१६मध्ये बेडाक्विलीन हे नवे औषध देशातील मोजक्या केंद्रांत उपलब्ध करण्यात आले, त्यांत शिवडी होती. पूर्वी एमडीआरचा उपचार दोन वर्षांपर्यंत चाले आणि त्यातल्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. आता तो योग्य रुग्णांत, केवळ गोळ्यांवर, सहा महिन्यांत आणता येतो.

गिरणगावाच्या फुप्फुसांवर जंतूंखेरीज धुळीचाही बोजा होता. गिरणीतील कापसाच्या तंतूंनी होणारा बिसिनोसिस, ज्यात सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, हा संसर्ग नसला तरी संसर्गाला जमीन तयार करणारा आजार होता. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकात लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांची तुलना करून प्रदूषित भागांत खोकला आणि दम लागण्याच्या तक्रारी अधिक असल्याचे दाखवले. गिरण्या बंद पडल्या, धुरांडी गेली. दाटी तेवढी राहिली. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन विभागांत कोविडच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली, त्यांत शिवडीला लागूनच असलेला माटुंगा-वडाळ्याचा एफ उत्तर विभाग होता. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, झोपडपट्टीबाहेर १६ टक्क्यांना. एका शतकाच्या अंतराने, निराळ्या विषाणूने, तीच रेघ ओढली.

या विषमतेवर औषधाव्यतिरिक्तही उपाय आहेत हे आता पुराव्याने सांगता येते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना पुरेसा शिधा दिल्यावर घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८पासून मिळणारे दरमहा पाचशे रुपये २०२४च्या अखेरीस हजार करण्यात आले, तेही मुंबईच्या भाजीबाजारात फारसे नाहीत. हवा आणि उजेडाची गोष्ट अधिक अवघड आहे. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत, जेथे इमारती एकमेकींना जवळजवळ खेटून आहेत, तेथील खालच्या, ऊन न पोहोचणाऱ्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळल्याचे पाहणीत दिसले आहे. म्हणजे पक्के घर मिळाले एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

शिवडीपुरता हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी १२ शिवडीत आहेत. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यात पोटमाळा काढून तीन पिढ्या झोपवलेल्या. वरळीतील चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या; शिवडीच्या चाळी बंदराच्या मालकीच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. त्यांचे आराखडे जेव्हा कागदावर उतरतील, तेव्हा चौरस फुटांबरोबर दोन मनोऱ्यांमधले अंतर, तळमजल्यावरच्या खोलीत दुपारी ऊन येते की नाही, आणि स्वयंपाकघराची खिडकी मोकळ्या जागेत उघडते की डक्टमध्ये, हे प्रश्न विचारणारे कोणी त्या बैठकीला असणे आवश्यक आहे, आणि पुस्तकाची पुढील प्रकरणे अशा वाचकालाही नजरेसमोर ठेवून मांडली आहेत.